जमा किती, हशील किती? औरंगजेबाचं साम्राज्य मोजताना

स्पर्धा परीक्षेचं कुठलंही गाइड उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: औरंगजेबाच्या काळात मोगल साम्राज्याचा विस्तार सर्वांत जास्त झाला. चार ओळी खाली दुसरं वाक्य असतं: त्याच्याच काळात साम्राज्याच्या ऱ्हासाला सुरुवात झाली. सेट-नेटची किंवा पेटची तयारी करताना आपण दोन्ही वाक्यं पाठ करतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आज वळायचं नाही. एकाच साम्राज्याबद्दलची ही दोन विधानं एकाच वेळी खरी कशी असू शकतात, एवढा एकच प्रश्न घेऊन बसायचं. संशोधनाला लागल्यावर तुमचा गाइड तुम्हाला सर्वांत जास्त वेळा जे विचारणार आहे, तेच इथेही विचारायचं आहे: तुम्ही नेमकं मोजलंत काय?

औरंगजेबच का, तर तो आपल्याला लांबचा नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघून सोलापूर शहर ओलांडलं आणि मंगळवेढ्याचा रस्ता धरला, की भीमेच्या काठावर माचणूर आणि ब्रह्मपुरी लागतात. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा कारभार दिल्लीहून किंवा आग्र्याहून नव्हे, इथून चालत होता. बादशहा इथे होता, दफ्तर इथे होतं, खजिना इथे येत होता. विस्तार करणाऱ्या राज्यकर्त्याचं काय होतं, हे बघायला याहून जवळची जागा मिळणार नाही.

आधी दोन शब्द

मोगल महसुली कागदांत प्रत्येक परगण्यासमोर दोन वेगळे आकडे असू शकत. पहिला 'जमा', म्हणजे सरकारनं ठरवलेला, कागदावरचा महसूल. दुसरा 'हासिल', म्हणजे प्रत्यक्षात हाती आलेला वसूल. हा दुसरा शब्द मराठीत आजही जिवंत आहे. 'त्यात काय हशील?' असं आपण म्हणतो ना, तोच हा हशील.

तुमच्यापैकी जे सायन्सकडून आलेत त्यांना हे लगेच कळेल. समीकरण सोडवून निघतो तो थिअरेटिकल यील्ड, आणि फिल्टर पेपरवर वाळवून वजन केल्यावर मिळतो तो अ‍ॅक्च्युअल यील्ड. दोन्ही आकडे खरे असतात, पण पहिला सांगून दुसरा मिळाल्याचा आव आणता येत नाही. इथल्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखानदाराला विचारलं तरी तो हेच सांगेल. शेडमध्ये माग किती बसवले हा एक आकडा. महिन्याअखेर माल किती निघाला आणि त्यातल्या किती मालाचे पैसे हातात पडले, हा दुसरा.

मोगल राज्यात हा फरक फार महत्त्वाचा होता, कारण पगाराची सगळी पद्धत त्याच्यावर उभी होती. मनसबदाराला रोख पगाराऐवजी बहुतेक वेळा जागीर मिळे, म्हणजे ठरावीक परगण्यांचा महसूल वसूल करण्याचा हक्क. त्याला किती पगाराची जागीर द्यायची ते जमेवरून ठरे, पण त्याचे घोडे दाणा खात ते हशिलातून. सरकारलाही हे माहीत होतं. म्हणून शहाजहानच्या काळापासून जागिरींची 'महिन्यांत' प्रतवारी होई. बारा महिन्यांची जागीर म्हणजे जमा आणि हासिल सारखेच. सहा महिन्यांची म्हणजे कागदावरच्या निम्माच वसूल. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्याच्याभोवती आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: नकाशावरचा विस्तार ही साम्राज्याची जमा असते, आणि राज्याची ताकद त्याच्या हशिलात असते. औरंगजेबाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत पहिला आकडा चढत गेला आणि दुसऱ्याचं पहिल्याशी असलेलं प्रमाण घसरत गेलं. म्हणून गाइडमधली दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरतात. ती दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

त्याला हे माहीत नव्हतं का?

माहीत होतं, आणि फार आधीपासून. औरंगजेबाचा जन्म १६१८चा, दाहोदचा. १६३६मध्ये, अठराव्या वर्षाच्या आसपास, शहाजहाननं त्याला दख्खनचा सुभेदार केलं. १६५२मध्ये तो दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आला तेव्हा दख्खनच्या चार सुभ्यांची जमा होती सुमारे ३ कोटी ६२ लाख रुपये. त्या वर्षीचा प्रत्यक्ष वसूल होता साधारण १ कोटी. म्हणजे कागदावरच्या एक तृतीयांशाहूनही कमी. गावं ओस पडलेली, शेतकरी निघून गेलेले, आणि सुभ्याचा खर्च भागवायला उत्तरेकडून पैसा आणावा लागायचा. यावरून बाप-लेकांत कडवट पत्रव्यवहार झाला. मुलगा वडिलांना सांगत होता, की कागदावर जे आहे ते जमिनीवर नाही.

आणि त्यानं नुसती तक्रार केली नाही. त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान यानं याच काळात दख्खनच्या महसुलाची घडी नव्यानं बसवली. जमिनीची मोजणी केली, ओसाड गावांत पाटील-मुकादम नेमले, बी-बियाण्याला आणि बैलांना तगाई दिली. हशील वाढवायचं तर ते खालून, शेतातून वाढवावं लागतं. त्याला शांतता लागते आणि काही वर्षं जावी लागतात. तिशी ओलांडलेल्या शहजाद्याला हे समजत होतं.

म्हणून 'तो अडाणी होता', 'तो हट्टी होता' अशी उत्तरं मला पुरेशी वाटत नाहीत. स्वभाव हे कारण म्हणून वापरणं सोपं असतं, कारण ते तपासता येत नाही. खरा प्रश्न असा आहे: ज्याला जमा आणि हशील यांतला फरक १६५२मध्ये स्वच्छ दिसत होता, त्याच माणसाच्या हातून तीस वर्षांनी ती दरी का रुंदावत गेली?

नकाशा मोठा होतो

१६५७मध्ये त्यानं बिदर आणि कल्याणी घेतली. त्याच वर्षी शहाजहान आजारी पडला आणि वारसायुद्ध पेटलं. १६५८मध्ये औरंगजेब तख्तावर आला. वडील आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत, भाऊ दारा १६५९मध्ये ठार. पुढची वीस वर्षं तो मुख्यतः उत्तरेत होता. पूर्वेकडे मीर जुमल्याची आसामवर स्वारी झाली, १६६६मध्ये शाइस्ताखानानं चितगाव घेतलं. दक्षिणेत १६६५चा पुरंदरचा तह झाला, पण त्यापाठोपाठ मिर्झाराजे जयसिंगाची विजापूरवरची मोहीम फसली. १६७४मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

वळण आलं १६८१मध्ये. मुलगा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, आणि त्याच वर्षी बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. तेव्हा तो बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा होता. तो परत उत्तरेत गेलाच नाही.

सुरुवातीची आठ वर्षं नकाशाच्या भाषेत अफाट यशाची आहेत. १६८५मध्ये विजापूरच्या वेढ्याच्या वेळी बादशहाचा तळ सोलापूरला पडला. सप्टेंबर १६८६मध्ये विजापूर पडलं. सप्टेंबर १६८७मध्ये गोवळकोंडा, तोही फितुरीनं दरवाजा उघडला गेल्यावर. १६८९मध्ये संभाजी महाराज पकडले गेले आणि त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि छोटे शाहू कैद झाले. तीन वर्षांत तीन राजधान्या. १६८९ साली कुणी आलेख काढला असता, तर रेष सरळ वर जाताना दिसली असती.

आता त्या रेषेखाली काय चाललं होतं ते बघा. राज्य जिंकलं की त्याची जमा त्याच दिवशी दफ्तरात चढते. हशील मात्र येतं पुढच्या सुगीला, आणि तेही सुगी होऊ दिली तर. पण जिंकलेल्या राज्यांचे सरदार वाट पाहत नाहीत. विजापूरचे, गोवळकोंड्याचे, मराठ्यांचे सरदार फोडून आणायचे तर त्यांना लगेच मनसब द्यावी लागते आणि मनसबीसोबत जागीर. म्हणजे प्रत्येक विजयानं देणी ताबडतोब तयार केली आणि उत्पन्न सावकाश. आजच्या भाषेत सांगायचं तर हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू, माग मात्र अजून बसायचाच आहे.

भीमाकाठची राजधानी

मार्च १६९५मध्ये जेमेली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशानं कृष्णाकाठच्या गलगले इथे बादशाही छावणी पाहिली. साठ हजार स्वार, एक लाख पायदळ, सगळी मिळून पाच लाख माणसं, असे आकडे त्यानं दिले आहेत. इथे जरा थांबा. इतके गोल आकडे दिसले की ती मोजणी नसून अंदाज आहे असं समजायचं. असा आकडा लेखात वापरायचा तर 'पाच लाख होते' असं लिहायचं नाही, 'कारेरीच्या अंदाजे पाच लाख' असं लिहायचं. पण तो निम्म्यानं चुकला असं धरलं तरी उरतं ते एक फिरतं महानगर. मे १६९५मध्ये हे शहर भीमेवर ब्रह्मपुरीला आलं. बादशहानं गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं आणि साडेचार वर्षं तिथे मुक्काम केला.

अशा शहराला रोज धान्य, वैरण, सरपण लागतं. आपला हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा. छावणी जिथे बसते तिथलं हशील आधी छावणी खाते. १६५२मध्ये ज्या तगाईनं आणि बैलांनी वसूल वाढला होता, ते बैल आता तोफा आणि रसद ओढत होते.

आणि बादशहा भीमेवर बसलेला असतानाच संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोकळे फिरत होते. नोव्हेंबर १६९५मध्ये संताजींनी कर्नाटकात दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं. खान तिथेच मेला, फौज खंडणी देऊन सुटली. जानेवारी १६९६मध्ये हिंमतखान मारला गेला. तिकडे जिंजीत राजाराम महाराजांना वेढून झुल्फिकारखान १६९०पासून बसला होता. १६९८मध्ये किल्ला पडला, पण महाराज आधीच निसटले होते.

मराठ्यांची पद्धत इथे मोगलांच्या नेमकी उलटी होती. राजाराम महाराजांकडे वाटायला हशील नव्हतंच. त्यांनी सरदारांना वतनं आणि सरंजाम दिले, त्यातले कित्येक तर मोगलांच्या ताब्यातल्या मुलखातले. म्हणजे नुसती कागदी जमा. पण सरदाराला त्यातून काही मिळवायचं तर घोड्यावर बसून ते स्वतः गोळा करावं लागे. चौथाईचा अर्थ तोच. गाव नकाशावर कुणाचं आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, ती थेट वसुलातला वाटा मागायची. यात भरडला कोण? तर गावचा कुणबी. एका हंगामात एकाला जमा द्यायची आणि दुसऱ्याला चौथ. सैन्यांच्या हालचालींच्या यादीत ही बाजू दिसत नाही, म्हणून तुम्ही लिहिताना ती मुद्दाम शोधायला हवी.

१६९९च्या शरदात ऐंशीच्या घरातला बादशहा स्वतः किल्ले घ्यायला निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. १७०५पर्यंत हे चाललं. तोरण्यासारखा एखादा लढून मिळाला, बरेचसे वाटाघाटी करून आणि पैसे मोजून. छावणी पुढे सरकली की त्यातले अनेक पुन्हा मराठ्यांकडे जात. मध्येच १७००मध्ये सांगोल्याजवळ माण नदीकाठी खवासपूरला रात्री पूर आला, छावणी वाहून गेली आणि पळताना बादशहाच्या पायाला दुखापत झाली. पुढे तो लंगडतच चालायचा. तरी मोहीम थांबली नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

आकडे बघताना

ही दरी का पडली यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे, आणि तुमच्यासाठी लेखातला हा भाग सर्वांत कामाचा आहे. अथर अली यांनी १९६६मध्ये औरंगजेबाच्या उमरावांची नावानिशी मोजणी प्रसिद्ध केली. १००० जात आणि त्यावरचे मनसबदार १६५८ ते १६७८ या काळात ४८६ आढळले, १६७९ ते १७०७ या काळात ५७५. त्यांत मराठे आधी २७ होते, नंतर ९६.

पहिल्या जोडीवरून आपण पटकन म्हणतो: दावेदार वाढले, जागिरी कमी पडल्या. सावकाश. पहिला कालखंड एकवीस वर्षांचा आहे, दुसरा एकोणतीस. ही संख्या एखाद्या दिवसाची हजेरी नव्हे, त्या काळात कधी ना कधी त्या दर्जावर असलेल्यांची यादी आहे. कालखंड लांबला की यादी आपोआपच लांबते. त्यामुळे ४८६ची तुलना थेट ५७५शी करून 'अठरा टक्के वाढ' म्हणणं धोक्याचं आहे. प्रमाण मात्र कालखंडाच्या लांबीनं तितकं फसत नाही. मराठ्यांचा वाटा ५.६ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेला. म्हणजे या तक्त्यात भरवशाची गोष्ट कोणती, तर उमरावांची संख्या किती वाढली ही नव्हे, त्यांची घडण बदलली ही. दख्खनची लढाई चालू ठेवण्यासाठी दख्खनच्याच लोकांना पगार देणं चाललं होतं.

दुसऱ्या बाजूनं जॉन रिचर्ड्स यांनी १९७५मध्ये गोवळकोंड्याच्या मोगल कारभारावर लिहिलं, आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. गोवळकोंड्यात सुरुवातीची वर्षं वसूल बऱ्यापैकी येत होता. मग जागिरी का मिळेनात? रिचर्ड्स यांचं उत्तर असं, की जमीन अपुरी नव्हती. युद्धाला रोकड लागते म्हणून बादशहानं चांगला मुलूख खालशात, म्हणजे थेट सरकारी वसुलाखाली राखून ठेवला. टंचाई निसर्गाची नव्हती, निर्णयाची होती.

दोघांपैकी कुणाचंही मानलं तरी एक गोष्ट उरते. १६५२मध्ये औरंगजेबाकडे हशील वाढवायला वेळ होता. १६८९नंतर तो वेळ युद्धानं खाल्ला, आणि युद्ध थांबवता येईना, कारण वाटलेली जमा खरी करून दाखवायला पुढचा मुलूख हवा होता. हेच माझं त्या प्रश्नाचं उत्तर. फरक न कळल्यामुळे दरी रुंदावली नाही. प्रत्येक विजयानं आधीच्या विजयाचं देणं पुढे ढकललं, म्हणून ती रुंदावली.

नकाशा तसाच राहतो

या म्हणण्याची चाचणी कशी घ्यायची? मृत्यूनंतरच्या एका कागदानं. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहाही सुभ्यांची चौथ, म्हणजे २५ टक्के, आणि सरदेशमुखी, म्हणजे १० टक्के, मराठ्यांना मान्य झाली. औरंगजेबाला जाऊन बारा वर्षं झाली होती. सहाही सुभे नकाशावर मोगलांचेच राहिले, रंग कुठेच बदलला नाही. पण वसुलातले पस्तीस टक्के मोगल शिक्क्यानिशी दुसऱ्याच्या नावावर लिहिले गेले. फक्त नकाशा बघणाऱ्याला १७१९ साली काहीच घडलेलं दिसणार नाही.

आपल्या दारासमोरचा रस्ता ज्या अक्कलकोटला जातो ते संस्थानही याच फेरवाटपातलं. १७०७मध्ये मोगल कैदेतून सुटून परतताना शाहू महाराजांनी एक मुलगा पदरी घेतला, त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि पुढे त्याला अक्कलकोट दिलं. रायगडाच्या पाडावात पकडलेला, लहानपण बादशाही छावणीत काढलेला राजपुत्र त्याच मुलखाचा वाटा वाटत होता.

आता तुमच्या कामाकडे. सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक मोठ्या शब्दाखाली, मग तो विस्तार असो, विकास असो की यश, पेन्सिलीनं लिहा: हे कशानं मोजणार? मग तो आकडा जमेचा आहे की हशिलाचा ते ठरवा. वाटलेल्या प्रश्नावल्या ही जमा, भरून आलेल्या आणि वापरता येण्याजोग्या प्रश्नावल्या हे हशील. तुलना करणार असाल, तर दोन्हीकडचा काळ सारखा आहे का ते आधी तपासा. आणि ज्याच्याकडून वसूल झाला तो माणूस तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे, हेही बघा.

सरावासाठी एक सुचवते. सेतुमाधवराव पगडींनी मोगल काळातली फारसी साधनं मराठीत आणून ठेवली आहेत. औरंगजेबाच्याच फौजेबरोबर फिरलेल्या भीमसेन सक्सेनाच्या आठवणीही त्यांत आहेत. त्यातली वीस पानं घ्या. जिथे जिथे आकडा येईल तिथे समासात 'ज' किंवा 'ह' लिहा. वीस पानं संपेपर्यंत तुम्हाला कळेल, की जुने लेखक हा फरक आपल्यापेक्षा जास्त जपून वापरत होते.